जोड्या जुळविणारे यंत्र आणि मुलांची स्मरणशक्ती

शिंपल्याचे दोन अर्धे भाग एकमेकांत जसे अचूक बसतात, तसे ते दुसऱ्या कोणत्याही शिंपल्याच्या अर्ध्याशी बसत नाहीत. निसर्गाच्या या सोयीचा उपयोग करून जपानमधील सरदार घराण्यांत शेकडो वर्षांपूर्वी एक खेळ रूढ झाला होता. पूर्ण संचात ३६० शिंपले असत. प्रत्येक अर्ध्याची आतील बाजू चित्रांनी सजविलेली असे, आणि पालथ्या मांडलेल्या अर्ध्यांतून हाती आलेल्या अर्ध्याचा जोडीदार हुडकून काढावयाचा असे. पत्त्यांचा जोड पालथा पसरून एका वेळी दोन पाने उलटण्याचा जो खेळ अनेक देशांतील मुले खेळतात, तो याच जातीचा होय. उलटलेली पाने सारखी निघाली तर ती उचलावयाची, न निघाली तर पुन्हा पालथी घालावयाची. ज्याच्याजवळ अधिक जोड्या जमतील तो जिंकला. नियम इतके थोडे आहेत की चार वर्षांच्या मुलासही ते एकदा सांगून समजतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घरगुती खेळास व्यापारी रूप आले. पश्चिम जर्मनीत १९५९ मध्ये रावेन्सबर्गर या प्रकाशनसंस्थेने चित्रांच्या चौकोनी पुठ्ठ्यांचा संच ‘मेमरी’ या नावाने विकावयास काढला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत एन.बी.सी. या दूरचित्रवाणी संस्थेने ‘कॉन्सन्ट्रेशन’ नावाचा कार्यक्रम सुरू केला होता. त्यात ३० क्रमांकित चौकोनांचा एक मोठा फलक असे आणि स्पर्धक क्रमांक उच्चारून चौकोन उलटावयास सांगत. तो कार्यक्रम त्या संस्थेवर १९७३ पर्यंत चालला. अमेरिकन मुलांची एक संपूर्ण पिढी हा फलक पाहत वाढली होती. यामुळे दूरचित्रवाणी संचास जोडून खेळावयाची यंत्रे जेव्हा घरोघर येऊ लागली, तेव्हा त्यांवर हा खेळ लवकरच अवतरला यात नवल नाही.

अटारी या अमेरिकन कंपनीने १९७७ मध्ये असे एक यंत्र बाजारात आणले. १९७८ मध्ये त्या यंत्रासाठी ‘हंट अँड स्कोर’ या नावाची खेळाची पेटी, म्हणजे कार्ट्रिज, निघाली. सिअर्स या दुकानांच्या साखळीने तीच ‘मेमरी मॅच’ या नावाने विकली व पुढे अटारीनेही तिचे नाव बदलून ‘अ गेम ऑफ कॉन्सन्ट्रेशन’ असे केले. फेअरचाइल्ड कंपनीच्या यंत्रासाठीही त्याच वर्षी ‘मेमरी मॅच’ नावाचा खेळ निघाला. अटारीच्या खेळात पडद्यावर १६ किंवा ३० चौकोन दिसत. खेळण्यासाठी नेहमीची दांडी वापरीत नसत. त्याऐवजी बारा कळांची एक लहानशी पाटी हाती घेऊन चौकोनाचा क्रमांक दाबावा लागे. चौकोनाआड दडलेली आकृती प्रकट होई. दोन आकृती सारख्या असल्या तर गुण मिळे, नसल्या तर त्या पुन्हा झाकल्या जात. खेळ एकट्याने अथवा दोघांनी खेळता येई.

यंत्राची स्मरणशक्ती

स्मरणाचा खेळ खेळविणाऱ्या या यंत्राची स्वतःची स्मृती किती होती, हे पाहणे उद्बोधक आहे. संगणकाची स्मृती ‘बाइट’ या मापाने मोजतात. एका बाइटात आठ ‘बिट’ असतात आणि प्रत्येक बिट शून्य किंवा एक यांपैकी एकच गोष्ट सांगू शकतो. अटारीच्या यंत्रात खेळ चालू असताना बदलत जाणाऱ्या गोष्टी नोंदवून ठेवण्यासाठी केवळ १२८ बाइट होते. खेळाची आज्ञावली पेटीत कायमची कोरलेली असे व ती या खेळाच्या बाबतीत २०४८ बाइटांची होती. या पुस्तिकेच्या एका पृष्ठावर जेवढी अक्षरे मावतात त्यापेक्षा फार अधिक नव्हे.

आता पडद्यावरील चित्राचा विचार करावा. त्या यंत्राच्या दृष्टीने पडद्यावर आडवे १६० व उभे १९२ ठिपके मांडता येत, म्हणजे एकूण ३०,७२० ठिपके. प्रत्येक ठिपका उजळ आहे की काळा एवढेच नोंदवावयाचे म्हटले तरी ३,८४० बाइट लागतील. जवळ असलेल्या स्मृतीच्या ही बरोबर तीसपट होते, आणि त्यात रंगांचा हिशेब धरलेलाच नाही. अर्थात संपूर्ण चित्र साठवून ठेवणे या यंत्रास अशक्य होते. मग चित्र दिसे कसे?

याचे उत्तर जुन्या दूरचित्रवाणी नळीच्या रचनेत आहे. त्या नळीत इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक रेषा ओढी, मग खालची, मग त्याखालची. अमेरिकेतील संचांत अशा २६२ रेषांचा एक फेरा सेकंदास सुमारे ६० वेळा पुरा होत असे. डोळ्यास चित्र स्थिर दिसे, परंतु प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी शलाका एकाच बिंदूवर असे. अटारीच्या यंत्रातील चित्र तयार करणारा भाग फक्त एका रेषेपुरती माहिती बाळगू शके. एक रेषा ओढून होण्याच्या अवधीत यंत्राच्या प्रक्रियकास, म्हणजे हिशेब करणाऱ्या भागास, ७६ ठोके मिळत. साध्यात साध्या आज्ञेसही त्यांतील दोन ठोके खर्च होत. तेवढ्यात पुढील रेषेची माहिती तयार ठेवावयाची, ती ओढली जाताच विसरावयाची आणि तिच्या पुढील रेषेकडे वळावयाचे, असा क्रम अखंड चाले. एखादा कीर्तनकार पोथी जवळ न ठेवता, ओवीमागून ओवी ऐन वेळी रचीत जावा तसाच हा प्रकार होता.

आणखी एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या यंत्रात पार्श्वभूमीचे ठोकळे अर्ध्या रेषेपुरतेच, वीस बिटांत, नोंदविता येत. उजवा अर्धा भाग हा डाव्याची नक्कल किंवा आरशातील प्रतिमा म्हणून यंत्र आपोआप काढी. उजवीकडे काही निराळे दाखवावयाचे असल्यास शलाका रेषेच्या मध्यावर असतानाच ती माहिती बदलावी लागे. सारख्या जोड्या शोधावयाच्या खेळास हे यंत्र जणू जन्मतःच अनुकूल होते!

शलाका तळाशी पोचून पुन्हा वर जाईपर्यंत जो अल्पसा विराम मिळे, त्यातच खरा खेळ चाले. कोणती कळ दाबली गेली, उघडलेल्या आकृती सारख्या आहेत काय, गुण कोणाचे, हे सर्व त्या वेळी ठरविता येई. चौकोनांआड काय आहे हे लक्षात ठेवणे मात्र यंत्रास सोपे होते. ३० चौकोन म्हणजे १५ जोड्या. चार बिटांत सोळा वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात, म्हणजे पंधरा आकृती आणि ‘येथे आता काही नाही’ ही खूण त्यांत सहज मावतात. अशा तीस नोंदी पंधरा बाइटांत बसविता येतात. दर चौकोनास पुरा बाइट दिला तरी तीस बाइट होतात. मुलास जो फलक ध्यानात ठेवताना घाम फुटे, तो यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीतही एका कोपऱ्यात पडून राही. पडद्यावरील चित्र यंत्रास साठविता येत नव्हते, परंतु फलक तो कधीही विसरत नव्हता. मुलाचे याच्या नेमके उलट असते. दिसणारे चित्र त्यास विनासायास समजते आणि झाकलेला फलक निसटून जातो.

प्रत्येक डावात आकृती निराळ्या जागी पडाव्यात यासाठी पाने पिसावी लागतात. यंत्रास खरेखुरे पिसणे येत नाही, कारण सारख्या आरंभापासून ते नेहमी सारख्याच शेवटास पोचते. म्हणून अशा यंत्रांत सामान्यतः एखादा आकडा सतत फिरता ठेवतात आणि माणूस कळ दाबील त्या क्षणी तो जेथे असेल तेथून पुढील गणित सुरू करतात. सेकंदाच्या साठाव्या भागाइतक्या अचूकपणे कोणीही तोच क्षण पुन्हा साधू शकत नाही. येथे अनिश्चितता येते ती मुलाच्या बोटातून.

स्मरणाचे माप

या खेळात स्मरणशक्तीचा वाटा किती व दैवाचा किती, हे गणिताने ठरविता येते. प्रथम असा खेळाडू कल्पावा की ज्यास काहीच आठवत नाही. १६ चौकोन झाकलेले असताना तो कोणताही एक उघडतो. उरलेल्या १५ चौकोनांत त्याचा जोडीदार एकच. म्हणून जोडी जुळण्याची शक्यता पंधरांत एक. फासा टाकला असता सहाचे दान सरासरीने सहा फेकींत एकदा पडते, त्याच न्यायाने या खेळाडूस पहिली जोडी मिळण्यास सरासरीने १५ खेपा लागतील. मग १४ चौकोन उरतात आणि दुसऱ्या जोडीस १३ खेपा लागतात, तिसरीस ११. याप्रमाणे १५, १३, ११, ९, ७, ५, ३ व १ यांची बेरीज ६४ होते, म्हणजे आठ जोड्यांसाठी आठाचा वर्ग. ३० चौकोनांसाठी हीच बेरीज पंधराचा वर्ग, २२५, एवढी येते.

आता याच्या उलट, एकदा पाहिलेले कधीही न विसरणारा खेळाडू घ्यावा. दैव पूर्ण अनुकूल असेल तर १६ चौकोनांचा डाव तो आठ खेपांत संपवील. दैव कितीही प्रतिकूल असले, तरी नीट खेळल्यास त्यास १५ हून अधिक खेपा लागणार नाहीत. सरासरी काढण्याचे काम बरेच कठीण आहे. डॅनियल व्हेलमन व ग्रेगरी वॉरिंग्टन या गणितज्ञांनी २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांच्या सूत्राप्रमाणे खेपांची संख्या जोड्यांच्या सुमारे १.६१ पट होते. आठ जोड्यांसाठी ती सुमारे १२.४ आणि पंधरा जोड्यांसाठी सुमारे २३.७ येते.

म्हणजे लहान फलकावर पूर्ण विस्मृती व पूर्ण स्मृती यांमधील अंतर ६४ व १२.४ एवढे, तर मोठ्या फलकावर २२५ व २३.७ एवढे आहे. प्रत्येक मूल या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी असते. फलक मोठा केल्याने खेळ नुसता लांबत नाही. स्मरणाचे महत्त्व वाढते व दैवाचे घटते. ज्या पालकास १६ चौकोनांवर मुलाने एकदा आपल्याला हरविले याचे मोठे कौतुक वाटते, त्याने हे ध्यानात घ्यावयास हरकत नाही.

दोघे खेळत असतील तर गणित आणखी निराळे वळण घेते. उरी झ्विक व मायकेल पॅटरसन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, दोन्ही खेळाडूंची स्मृती निर्दोष असेल, तर काही परिस्थितींत नवा चौकोन उघडण्यापेक्षा पूर्वी पाहिलेलाच चौकोन मुद्दाम पुन्हा उघडणे अधिक लाभाचे असते. वरवर पाहता ही खेप फुकट जाते. परंतु नवीन चौकोन उघडल्याने जी माहिती मिळते तिचा पहिला उपयोग प्रतिस्पर्ध्यास होतो, कारण पुढील खेप त्याची असते. मौन राखणे हीसुद्धा एक खेळी होय, हे मुलांना क्वचितच सुचते. प्रौढांनाही फारसे सुचत नाही.

मूल काय करते

मानवी मनाच्या तात्कालिक स्मृतीची मर्यादा लहान आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सात, एक-दोन कमी-अधिक, अशी सांगितली. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये केलेल्या विवेचनानुसार ती चारच्या आसपास आहे. तीस चौकोनांचा फलक या मर्यादेत बसत नाही हे उघड आहे. तो आवाक्यात आणावयाचा तर काही युक्ती योजावी लागते: आकृतीस नाव देणे, नाव व क्रमांक मनात घोकणे, फलक कोपऱ्याकोपऱ्याने क्रमवार उघडणे.

अटारीच्या खेळात क्रमांक दाबावा लागत असल्याने एक सूक्ष्म फरक पडत असावा असे मानण्यास जागा आहे. पुठ्ठ्याचे चित्र मूल हाताने उलटते व ते ‘तेथे, खिडकीच्या बाजूस’ असे लक्षात ठेवते. कळपाटीवर मात्र त्यास ‘सात’ व ‘बारा’ असे शब्द मनात आणावे लागतात. ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीची जी कल्पना मांडली, तिच्यातून पुढे उच्चारांसाठी एक व दृश्य-स्थानांसाठी दुसरे अशी वेगवेगळी भांडारे मानली जाऊ लागली. तीच आकृती दोन्ही भांडारांत ठेवणारे मूल अधिक सुरक्षित राहील.

परंतु लहान मूल हे आपण होऊन करते काय? जॉन फ्लाव्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या प्रश्नावर एक चतुर प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना काही वस्तूंची चित्रे दाखवीत, त्यांतील काहींकडे बोट करीत आणि थोड्या वेळाने तीच त्याच क्रमाने दाखवावयास सांगत. मधल्या वेळात मुलाच्या डोक्यावर खेळातील अंतराळवीराचे शिरस्त्राण असे. त्याच्या झाकणाने डोळे झाकले जात, ओठ मात्र उघडे राहत. ओठांची हालचाल वाचण्यास शिकलेला निरीक्षक ते पाहत बसे. पाच वर्षांच्या सुमारच्या वीस मुलांपैकी केवळ दोघे वस्तूंची नावे पुटपुटताना आढळले, सात वर्षांच्या वीसांपैकी बारा, आणि दहा वर्षांच्या वीसांपैकी सतरा. पाच वर्षांच्या मुलांना नावे येत नव्हती असे नाही. ती घोकावीत हे त्यांना सुचले नव्हते.

पुढच्याच वर्षी झालेल्या प्रयोगात न घोकणाऱ्या मुलांना घोकण्याची स्पष्ट सूचना देण्यात आली. त्यांचे स्मरण लगेच सुधारले आणि घोकणाऱ्या मुलांच्या बरोबरीस आले. तथापि सूचना मागे घेऊन ‘आता हवे तसे करा’ असे सांगताच त्यांतील अनेकांनी घोकणे सोडून दिले. युक्ती हाती असणे आणि ती आपली वाटणे यांत अंतर आहे. अटारीचे यंत्र याबाबत पूर्णपणे मुके होते. ते गुण मोजी; कसे आठवावे हे सांगत नसे.

असे खेळ ‘स्मरणशक्ती वाढविणारे’ म्हणून विकले जातात, आणि शाळांनी त्यांवर पैसा खर्च करण्यापूर्वी या शब्दप्रयोगाची परीक्षा करणे अवश्य आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे एका विद्यार्थ्यास आकडे एकदा ऐकून म्हणून दाखविण्याचा सराव देण्यात आला. त्याचा वृत्तान्त अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. प्रारंभी त्यास सात आकडे येत. २३० तासांच्या सरावानंतर ७९ आकडे येऊ लागले. तो धावण्याचा शौकीन होता व आकड्यांचे गट शर्यतींच्या वेळांशी जोडून लक्षात ठेवी. मग त्यास आकड्यांऐवजी अक्षरे देण्यात आली, आणि त्यास सहाच्या आसपासच अक्षरे आठवली. जे वाढले होते ते आकड्यांचे कसब होते. स्मरणशक्ती होती तेथेच होती. कार्यस्मृतीच्या प्रशिक्षणासंबंधी झालेल्या २३ अभ्यासांचा एकत्रित आढावा मोनिका मेल्बी-लर्वोग व चार्ल्स हुल्म यांनी २०१३ मध्ये घेतला. त्यांनाही असेच आढळले की सरावाच्या कामांत तात्पुरती प्रगती होते, परंतु वाचन, गणित यांसारख्या दूरच्या विषयांपर्यंत ती पोचत असल्याचा भरवसा देता येत नाही.

यावरून खेळ निरुपयोगी ठरत नाही. मुलाचे मन आठवताना काय करते हे पाहण्याचे एवढे स्वस्त साधन दुसरे क्वचितच मिळेल, आणि त्यासाठी यंत्रही लागत नाही.

वर्गात करावयाचा प्रयोग

पत्त्यांच्या जोडातून बदाम व चौकट यांची एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची पाने काढावीत. या सोळा पानांच्या आठ जोड्या होतात. ती पिसून चार रांगांत पालथी मांडावीत. एका विद्यार्थ्याने एकट्याने खेळावे, दुसऱ्याने खेपा मोजाव्यात. दोन पाने उलटणे ही एक खेप. जोडी जुळली तरी ती मोजावी. वर्गातील दहा-बारा जणांच्या खेपांची सरासरी काढून ती ६४ व १२.४ यांच्यामध्ये कोठे पडते हे फळ्यावर एका रेषेवर खूण करून दाखवावे. एखाद्याचा डाव १२ खेपांच्या आत संपला तर त्याचे श्रेय स्मृतीस द्यावे की दैवास, याची वर्गात चर्चा करावी.

नंतर बदाम व चौकट यांची दश्शीपर्यंतची पाने घेऊन दहा जोड्यांचा फलक मांडावा. स्मृतिशून्य खेळाडूस या फलकावर किती खेपा लागतील ते विद्यार्थ्यांनी आधी स्वतः काढावे. या वेळी प्रत्येक उघडलेल्या पानाचे नाव व रांग मोठ्याने उच्चारण्यास सांगावे, आणि न बोलता खेळलेल्या तशाच फलकावरील खेपांशी तुलना करावी. लहान वर्गातील मुले असतील तर दुसऱ्या दिवशी कोणतीही सूचना न देता तोच डाव पुन्हा मांडावा आणि कितीजणांचे ओठ हलतात ते मोजावे.